रिकाम्या तळहाताची चौकशी

आमच्या विहारात बायका लिंगायत वाण्यांसारखं लिंग हातात धरून बसतात, ही बातमी मला पूर्णा स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर कळली. सांगणारा विहार समितीचा चिटणीस होता, रेल्वेच्या ऑफिसातला कारकून. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, हे मी तिथल्या तिथं लक्षात ठेवलं. ज्याला धम्माची काळजी आहे त्याचं तोंड अशा बातमीनं उतरायला पाहिजे. ह्याचं उजळलं होतं.

“आन् शिकवायलंय कोण, इचारा की,” तो बशीत चहा ओतत म्हणाला. “तुमची ताई. तुमी पत्रकं काढा लोकांसाठी. घरात मात्र वाण्याचा देव.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. काखेत पत्रकांचा गठ्ठा होता, शाई अजून हाताला लागत होती.

आणीबाणी उठल्यानंतरचे ते दिवस. तोंड दाबून बसलेली पोरं पुन्हा बोलायला लागली होती, आणि मी जरा जास्तच. परभणीला एका छापखान्यात उरल्यासुरल्या कागदावर स्वस्तात पत्रक निघायचं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं आणि संध्याकाळी गठ्ठा घेऊन पूर्णेला उतरायचं, हा माझा धंदा. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रक होतं ‘सगळं चालतं म्हणणाऱ्यांनो’. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि मागच्या कोनाड्यात शेंदराचा दगड. पोराला ताप आला की दर्ग्याचा उद, शनिवारी मारुतीला तेल, आणि पौर्णिमेला विहारात खीर खायला सगळ्यांच्या पुढं. आमच्या बापांनी छप्पन्न साली देव टोपलीत भरून नदीत सोडले आणि त्यांचीच लेकरं आता पाणी ओसरल्यावर ते वेचायला निघाली आहेत, असं मी त्यात लिहिलं होतं. शेवटी ठळक अक्षरात होतं: मन एक आहे, त्याला एकच आधार द्या.

त्यातला एकही शब्द मी मागं घेत नाही. आम्हाला एकदा गिळलं गेलं आहे. पूर्वी लांब ठेवून गिळलं. आता ‘सगळे मार्ग सारखेच’ असं गोड बोलून गिळतील. ‘तुमचा बुद्ध आमचाच की हो’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाताकडं मी आजही आधी बघतो. त्यामुळं चिटणिसाची बातमी खरी असेल तर ती माझ्याच घरातून मला लागलेली आग होती.

ताईबद्दल सांगायला पाहिजे. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. नवरा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. गंगाखेडकडं त्यानं दुसरं लग्न केलं आणि ताईला एका ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडलं. बैलगाडीतून उतरलासुद्धा नाही. तेव्हापासून वस्तीत तिला एकच ओळख होती: टाकलेली. लग्नात हळदीला तिला कुणी हाक मारायचं नाही. कुणी नवं लुगडं नेसलं की ती समोर आली म्हणून तोंड फिरवायचं. बौद्ध झालो म्हणून असल्या गोष्टी आपोआप गेल्या, असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या वस्तीत एक महिना राहून दाखवावं.

पण ताईला वडिलांकडून वंदना तोंडपाठ होती. वडील गेल्यावर विहारात बायकांची वंदना सांगायला कुणी नव्हतं. पत्र्याचा विहार, शेणानं सारवलेली जमीन, पुढं सिमेंटची लहान मूर्ती. तिथं रोज दिवेलागणीच्या आधी ताई पुढं बसायला लागली. ती एक ओळ म्हणायची, मागून वीस-पंचवीस बायका म्हणायच्या. वंदना झाली की थोडा वेळ सगळ्या गप्प ध्यानाला बसायच्या. ज्या बायका हळदीला तिला टाळायच्या त्याच तिथं तिच्या मागं बसून तिच्या आवाजात आवाज मिसळायच्या. रस्त्यात पोरं ‘वंदनावाल्या ताई’ म्हणायला लागली. ती चटईवरची पुढची जागा एवढीच तिची कमाई होती. ती जागा गेली असती तर ताई पुन्हा नुसती टाकलेली उरली असती. चिटणिसाला हे माहीत होतं. मलाही.

घरी आलो तेव्हा ताई भाकरी थापत होती.

“विहारात काय झालं?” मी विचारलं.

“भन्तेजी आलते. तू नव्हतास.”

“ते नाही विचारत. हातात काय धरता तुम्ही?”

तिनं पिठाचा हात माझ्यापुढं उघडून धरला. “हे बग. काय हाय?”

“मला चेष्टा नको.”

“मंग इचारू नको,” असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली.  ताई गप्प बसली की तिच्याकडून काही काढणं म्हणजे रुळावरचं इंजिन हातानं ढकलणं.

मग मी चौकशीला लागलो. तीन बायकांना वेगवेगळं गाठून विचारलं, कारण एकत्र विचारलं की एकीचं ऐकून दुसरी सांगते. तिघींनी तीन तऱ्हांनी सांगितलं, पण गाळून उरलं ते असं. नांदेडकडून एक भन्तेजी पुढं जाता जाता एका दुपारी आपल्या विहारात थांबले. संध्याकाळच्या वंदनेला बसले. पाठ झाला, बायका ध्यानाला बसल्या. भन्तेजींनी मिटलेले डोळे उघडले तर समोर एकाही बाईचे डोळे मिटलेले नव्हते. प्रत्येकीनं डावा हात छातीसमोर उचलून धरला होता, तळवा वर, बोटं जरा वाकलेली, आणि सगळ्या त्या रिकाम्या तळव्याकडं टक लावून बघत होत्या. पुढं ताई, तिचा हात तसाच.

“मग भन्तेजी काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय न्हाई बाप्पा. लय येळ बघत बसले. मंग साधू साधू म्हणाले आन् चहा मागितला,” एक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते पॅसेंजरनं निघून गेले. चिटणीस म्हणायचा, भन्तेजी नाराज होऊन गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले म्हातारे गार्डसाहेब, आमचे अध्यक्ष, म्हणायचे की भन्तेजींना आवडलं असावं. त्या बाबतीत माझा राग भन्तेजींवरही होता. चांगलं असेल तर चांगलं म्हणा, वाईट असेल तर वाईट म्हणा. मौन पाळून गाडीत बसलं की मागं उरलेल्यांनी त्या मौनाचा हवा तो अर्थ काढायचा. धर्माच्या माणसांचं मौन नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला येतं.

उचललेला डावा तळवा आणि त्यावर खिळलेली नजर ही बसण्याची तऱ्हा मी ओळखत होतो, कुणीही ओळखलं असतं. आमच्या बाजारपेठेत लिंगायत वाण्यांची दुकानं आहेत. त्यांचं इष्टलिंग देवळात नसतं. प्रत्येकाचं आपापलं, गळ्यात चांदीच्या डबीत. पूजेला बसताना ते डाव्या तळहातावर घ्यायचं, नजर त्याच्यावर बांधायची आणि दुसरीकडं कुठं बघायचं नाही. आमच्या बायकांनी तेच केलं होतं, फक्त लिंग सोडून. आणि ताई एका वाण्याच्या किराणा दुकानाच्या मागच्या पडवीत डाळ निवडायला जात होती, दोन वर्षांपासून.

आता मला कट दिसायला लागला. दुपारी ताई घरी असल्याची खात्री करून मी त्या दुकानावर गेलो. वाणी साखर तोलत होता.

“काय पाह्यजे पुढारी? काडीपेटी का क्रांती?”

“तुमच्या आईला भेटायचंय.”

त्यानं तराजू खाली ठेवला. त्यालाही माझा संशय आला होता, ते बरंच झालं. दोघंही सावध असलं की बोलणं सरळ होतं. त्यानं मला मागच्या पडवीत जाऊ दिलं आणि स्वतः मधल्या दारात उभा राहिला.

पडवीत तुरीच्या डाळीचं पोतं, सूप, आणि बसायला गोणपाट. ती ताईची जागा. समोर एक दार, दाराला उंच उंबरा. आत देव्हाऱ्याची खोली आणि तिथं पाटावर वाण्याची म्हातारी आई, कपाळभर भस्म, बसल्या जागेवरून माझ्याकडं बघत असलेली. उंबऱ्याच्या आत म्हातारी आणि बाहेर गोणपाट, मध्ये दोन-तीन हातांचं अंतर. दोन वर्षं रोज सकाळी एकीची पूजा चालायची आणि दुसरीचं डाळ निवडणं.

“माझ्या ताईला तुम्ही काय शिकवलं?”

“म्या?” म्हातारी म्हणाली. “म्या काय शिकवू, बाबा? आमचं लिंग म्हंजी जीव असतोय. गळ्यातून निघंना आन् दुसऱ्याला देता येईना. ती आपली तिथं बसती, मी आपली हितं.”

“मग ती तुमच्यासारखं कसं बसते?”

“बघितलं आसंल. एक डाव तिनंच इचारलं, काकू, तुमचं ध्यान हालत कसं न्हाई. म्या म्हणलं, नजर हालली की तळवा जड होतोय बाई, लगीच कळतंय. एवढंच.”

“तिला कधी आत घेतलं?”

म्हातारीनं मुलाकडं बघितलं. “आत कसं घ्यायचं? आमच्यात चालत न्हाई.”

“तुमच्या धर्मात तर जातच नाही म्हणे. मोडली होती ना तुमच्या शरण संतांनी?”

“मोडली आसंल,” म्हातारी अगदी साधेपणानं म्हणाली. “आमच्या घरात कुणी सांगितलं न्हाई.”

मी ज्या रागानं आलो होतो तो तिथंच वळला. कट असता तर बरं झालं असतं. कटाला पत्रक लिहिता येतं. हे त्याहून वाईट होतं. माझ्या बहिणीनं एक गोष्ट मिळवली होती ती उंबऱ्याच्या बाहेर, गोणपाटावर बसून, डाळीतले खडे काढता काढता, दाराच्या चौकटीतून चोरून बघून. आम्ही शाळा शिकलो तीही अशीच, वर्गाच्या बाहेर बसून. म्हातारीवर उपकार म्हणून एक शब्दही मला काढता येईना. तिनं काही दिलं नव्हतं. तिनं फक्त दार लावलं नव्हतं.

रविवारी सकाळी समितीनं बैठक बोलावली. पुरुष पुढं चटईवर, बायका दाराशी. विषय एकच: ताईनं वंदनेला पुढं बसावं की नाही. चिटणिसाची बायकोही आली होती. ती एरवी वंदनेला क्वचित यायची. त्या दिवशी पांढरीशुभ्र, खळ घातलेली, नवी घडी मोडलेली साडी नेसून आली होती आणि दाराशी न बसता बायकांच्या पुढं बसली होती. मला दिसायचं ते दिसलं.

चिटणिसानं खिशातून कागद काढला. माझंच पत्रक होतं ते. त्यानं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडं वळला. “मन एक आहे, त्याला एकच आधार द्या. हे कुणी लिव्हलं?”

“मी. आणि बरोबर लिहिलं.”

“मंग आपल्या घरच्यांना लागू न्हाई का? पत्रकावर तसं छापा खाली.”

सगळे हसले. मी म्हणालो, “लागू आहे. मारुतीला तेल घालणाऱ्याला लागू आहे, दर्ग्याला नवस बोलणाऱ्याला लागू आहे. आता तुम्ही सांगा, ताईच्या हातात काय आहे?”

“काईच न्हाई, तेच तर मी म्हणायलोय! काई न्हाई त्याच्याकडं बघायचं कामून?”

दाराशी एक आत्या बसली होती, सगळ्या वस्तीची आत्या. ती तिथूनच म्हणाली, “तुझ्या डोस्क्यात बी काई न्हाई, तरी तुझी बायकू रोज बघतीच की तुझ्याकडं.”

ह्या वेळी चिटणीस सोडून सगळे हसले. गार्डसाहेबांनी हात वर केला, जुन्या सवयीनं, झेंडी दाखवल्यासारखा. “ताई, तूच सांग. हे कसं आलं?”

ताई उभी राहिली. पदर नीट केला. मला वाटलं, ती रडेल. ती रडली असती तर चिटणीस हरला असता.

“मला डोळे मिटून बसता येत न्हाई,” ती म्हणाली. “तुमी सांगता, श्वासावर ध्यान ठेवा. मी ठिवायचे. डोळे मिटले की बैलगाडी दिसायची. तो वर बसलेला आन् मी खाली ट्रंक घेऊन. रोज तेच. पाठ म्हणताना न्हाई दिसत, गप बसलं की दिसतंय. वडलांनी एकच धरायला सांगितलं व्हतं, मला एकच धरायचं व्हतं. म्हणून तर मी तिकडं बघितलं, की ह्या बाईचं मन हालत कसं न्हाई. तिचा देव मला नको. तो तिनं दिला बी नसता, मला तिथला उंबरा ओलांडू देत न्हाईत. पर हात तर माझा हाय ना? डोळे उघडे ठिवले, हाताकडं बघितलं, श्वास मोजला. गाडी दिसंना झाली.”

“आन् ह्या बाकीच्या?” चिटणीस म्हणाला. “ह्यांना कुठली गाडी दिसती?”

मागून एक बाई म्हणाली, “ताई करायली म्हणून आमी केलं. आमाला वाटलं, ध्यान आसंच असतंय.”

 तिथल्या तिथं सगळा उलगडा झाला होता. कुणी बाटवलं नव्हतं, कुणी लिंग आणलं नव्हतं. एका बाईला बैलगाडी दिसू नये म्हणून तिनं हात उचलला आणि वीस बायकांनी तो धम्म समजून उचलला. चूक म्हणाल तर एवढीच, आणि ती आमच्यातच होऊ शकते. आम्हाला ध्यान कुणी घरात शिकवलेलंच नव्हतं. पुढच्यानं जसं केलं तसं मागच्यानं केलं.

“पर ध्यान डोळे मिटूनच करायचं असतंय,” चिटणीस म्हणाला.

“वर बग,” आत्या म्हणाली आणि मूर्तीकडं बोट केलं. “त्याचेच अर्धे उघडे हायत.”

आता मी बोललो, जरा जास्तच बोललो. म्हणालो, एकाग्र व्हायला सांगता ते मनाला की माणसाला? मन एका जागी ठेवा हा धम्म झाला. माणसानं एका जागी राहावं, इकडंतिकडं बघू नये, आम्ही सांगू तेवढंच बघावं, हा धम्म नाही, ही चिटणिसाची हजेरी झाली. वाण्याच्या घरात उंबरा आहे म्हणून आपण ओरडतो. मग विहारातही उंबरा घालायचा का, आतून?

“म्हणजे उद्या दर्ग्यातली एखादी तऱ्हा आली तरी चालंल?” त्यानं विचारलं.

त्यानं मला बरोबर पकडलं होतं. मी म्हणालो, “नाही चालणार. तिथं मागणं आहे. ताई काही मागत नाही.”

“आज मागत न्हाई,” तो म्हणाला.

हे वाक्य मला लागलं, कारण माझ्या मनातही तेच होतं. बाहेरून घेतलेली वस्तू आज नुसती वस्तू असते. तिला उद्या हळद-कुंकू कोण वाहील, सांगता येत नाही.

गार्डसाहेबांनी तोड काढली. पुढं बसणाऱ्यानं डोळे मिटून आणि हात मांडीवर ठेवून बसावं. मागं कोण कसं बसतं त्यात समिती पडणार नाही. ताईला कबूल असेल तर जागा तिचीच.

ताई म्हणाली, “म्हंजी पुढं बसून गाडी बघत बसू?”

“नुसता हात खाली ठिव की माय. तेवढ्यानं काय होतंय?” गार्डसाहेब कळवळून म्हणाले.

“मंग दुसरी बघा,” ताई म्हणाली आणि विहारातून निघून गेली. खळ घातलेली साडी त्याच संध्याकाळी पुढच्या जागेवर बसली.

मला सगळ्यांचा राग आला. चिटणिसाचा, गार्डसाहेबांच्या तोडीचा, ताईचासुद्धा. मी तिला म्हणालो, “थोडं खोटं बसली असतीस तर काय बिघडलं असतं? समित्या अशाच चालतात.”

“तू आसाच चालतोस का?” तिनं विचारलं. 

त्यानंतर ताई संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसायला लागली. एकटी. चार-सहा दिवसांत दोन बायका आल्या, मग पाच, मग ओटा पुरेना. मला आधी बरं वाटलं, चिटणिसाची जिरली म्हणून. पण मी बघत होतो. आलेल्या बायका आता स्वतःच्या हाताकडं कमी आणि ताईच्या हाताकडं जास्त बघायच्या. एकीनं फूल आणलं. मी ते उचलून गटारात टाकलं. दुसरी आली ती नारळ घेऊन.

“कशाला आणला?”

“ताईच्या हातावर ठिवायचा.”

“हात काय देव्हारा आहे का?”

“तू पत्रक लिव्ह बाबा,” ती म्हणाली, “बायकांच्यात बोलू नको.”

आणि मग एक दिवस एक पोरसवदा आई तापलेलं लेकरू घेऊन आली आणि ते ताईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, “हात फिरवा ताई. तुमच्या हातात गुण हाय म्हणत्यात.”

ताईनं लेकराच्या अंगाला हात लावला आणि ओरडली. “अगं हे तव्यावाणी तापलंय! हाताकडं काय बघती, दवाखान्यात ने! ऊठ!” ती बाई हलेना. शेवटी ताईनंच लेकरू उचललं आणि सरकारी दवाखान्याकडं निघाली. ती आई मागं पळत होती आणि मी त्यांच्या मागं. लेकराला इंजेक्शन मिळालं, लेकरू वाचलं. वस्तीत काय पसरलं? ताईनं उचलून घेतलं म्हणून वाचलं. डॉक्टरचं नाव कुणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानावरून दुपारच्या आतच घरी आली. सूप घ्यायला गेली तेव्हा म्हातारीनं आतून हाक मारली होती. “ये गं, आत ये.” दोन वर्षांत पहिल्यांदा. ताई उंबऱ्याशी उभी राहिली. म्हातारीनं लुगडं वर करून गुडघा दाखवला. सुजला होता. “एवढा हात फिरव माय. तुझ्या हाताला गुण आलाय म्हणत्यात. आमच्या लिंगाचाच गुण आसंल, म्या काय न्हाई म्हणत न्हाई.”

“मग?” मी विचारलं.  गुणही आपल्याच लिंगाचा ठरवून मोकळी झाली होती म्हातारी.

“मी म्हणलं, काकू, तिळाचं तेल कोमट करून लावा. आन् उंबऱ्यावरनं माघारी आले.”

“आत नाही गेलीस?”

“गुडघ्यासाठी आत घेत्यात. मी कशाला जाऊ?”

संध्याकाळपर्यंत ती घरातलं आवरत राहिली. मग तिनं चूल पेटवली, पाणी ठेवलं, हातपाय धुतले आणि पदर खोचून दाराकडं निघाली.

“कुठं?”

“विहारात.”

“तिथं आता चिटणिसाची बायको बसते.”

“बसू दे. हितं ओट्यावर बसले तर ह्या बाया मला देव करत्यात. तिथं मागं बसलं तर कुणी बघणार न्हाई. मला कुणी बघू नै, एवढंच पाह्यजे.”

मी तिच्या मागं गेलो. ती जागा तिला कुणी परत दिली नाही, तिनं मागितलीही नाही. ती शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसली. पुढं चिटणिसाची बायको अडखळत, एक ओळ गाळून पाठ म्हणत होती आणि ताई इतरांसारखीच तिच्या मागून म्हणत होती, गाळलेली ओळ गाळून. ते ऐकून मला जो त्रास झाला तो बैठकीत झाला नव्हता. पाठ संपला. पुढच्या बायकांनी डोळे मिटले, काहींनी हात उचलले, काहींनी चिटणिसाकडं बघून अर्ध्यातून खाली घेतले. चिटणीस दाराच्या एका बाजूला उभा होता, मी दुसऱ्या. आम्ही दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि मला ते आवडलं नाही.

ताईनं पदर पुढं ओढून डावा हात त्याच्याखाली घेतला. हात मांडीवर होता की छातीशी, उघडा होता की मिटलेला, काही कळेना. मान खाली. डोळे दिसेनात. चिटणीस वाकून बघत होता. मीही वाकलो, कारण मला कळायलाच पाहिजे होतं.

“आत या न्हाईतर बाहेर जा,” ताई मान वर न करता म्हणाली. “दोघं मिळून उजेड अडवायलात.”

चिटणीस बाहेर गेला. मी आत जाऊन तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.